चिलापी हाय

सर, तुमच्या दहाव्याला मी आले नव्हते. बारामतीतच होते, रिकामीच होते, तरी आले नाही. भाषणं चांगली झाली म्हणे. सगळ्यांनी शुद्ध मराठीत हळहळ व्यक्त केली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण जिवंतपणी भांडायची सोय तुम्ही ठेवली नव्हती. तोंड उघडलं की तुम्ही आधी क्रियापद दुरुस्त करायचात, आणि दुरुस्त केलेल्या क्रियापदानं कुणाला शिवी देता येत नाही.

तो दिवस तुम्हाला आठवत नसणार. इंदापूर तालुक्यातली आपली शाळा, माझा आठवीचा वर्ग, तुमचा मराठीचा तास. तात्या, म्हणजे माझे वडील, उसाला पाणी देऊन तसेच आलेत. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पायांना चिखल, म्हणून दारातच उभे. "सर, पोरगी बरी हाय का आभ्यासात?" तुम्ही खडू खाली ठेवता. "आहे का, म्हणा." वर्ग हसतो. तात्याही हसतात, त्यांना वाटतं गंमत चाललीय. तुम्ही वाट बघत राहता. मग त्यांचं हसू ओसरतं आणि ते म्हणतात, "आहे का." तुम्ही समाधानानं माझ्याकडे वळता. "बघ. या तुमच्या भाषेत तू जन्मात बाभळीच्या शेंगासुद्धा विकू शकणार नाहीस." तात्या पुन्हा शाळेत आले नाहीत. निकालाला आईला पाठवायचे. मी त्या दिवसापासून 'आहे' आणि 'नाही' करायला लागले, घरीसुद्धा. आई म्हणायची, पोरगी पावनी आल्यासारखी बोलती.

तर तुमच्या त्या भविष्याची गोष्ट. पंचेचाळिशी ओलांडल्यावर लोणी देवकरच्या कारखान्यातली ऑफिसची नोकरी सोडून मी इंटरनेटवर लोकांच्या धंद्याच्या जाहिराती करायला लागले. या कामात सुरुवातीला सगळ्यात अवघड काय, तर हे काम आहे हे लोकांना पटवणं. नणंदेला वाटलं मी साबण विकायच्या साखळीत शिरले; माझा फोन ती "आमच्याकडं साबण हाय" म्हणूनच उचलायची. दुकानदार म्हणायचे, "त्याला काय एवढं, आमचा भाचा टाकतो की फेसबुकवर." भाचा नसलेलं दुकान बारामतीत मला अजून सापडलेलं नाही. एका फर्निचरवाल्यानं जाहिरात द्यायचं कबूल केलं, पण वर नेतेमंडळींचे फोटो हवेत म्हणाला. सोफा कुठं दाखवू विचारलं, तर म्हणाला, "आधी ती सगळी बसूंद्या, मग सोफ्याला जागा बघू." शिकवणीचे व्हिडिओ सांगायचे, आधी आपला ग्राहक ओळखा. ग्राहक मला ओळखत नव्हता, त्यावर व्हिडिओ नव्हता.

शेवटी एकच गिऱ्हाईक टिकलं: भिगवणला हायवेवर उजनीतल्या चिलापी माशाची आणि भाकरीची खानावळ चालवणारी एक बाई, माझ्याहून थोडी मोठी, जिभेनं माझ्याहून बरीच मोठी. ती गेली असती तर मला कारखान्यात परत जावं लागलं असतं. तिथल्या मॅनेजरनं माझी खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवली होती आणि येताजाता लोकांना दाखवत होता. म्हणून मी जीव ओतून लिहिलं: 'उजनी जलाशयाच्या रम्य सान्निध्यात रुचकर मत्स्याहाराचा आस्वाद घ्या.' सर, तुम्ही शंभरपैकी शंभर दिले असते. लाईक पुष्कळ आले. खाली एकानं विचारलं, हॉल लग्नाला मिळेल का. दुसऱ्यानं विचारलं, शाकाहारी थाळी आहे का. खानावळीत कुणी आलं नाही.

"मत्स्याहार म्हंजी काय ओ ताई?" मालकिणीनं विचारलं.

"मासे."

"मग मासं म्हणाया काय धाड भरली व्हती? लगीनपत्रिका लिवलीया का जाहिरात? ह्या रविवारपत्तुर गाडी थांबली तर ठीक, न्हायतर तुमी तुमच्या वाटंनं."

मी काही बोलणार, तेवढ्यात समोर एक ट्रकवाला ब्रेक लावू की नको करत होता. ती पदर खोचून बाहेर गेली. मी सवयीनं फोन चालू केला. "आरं ये की हिकडं, बघतूस काय? चिलापी हाय, कालवण हाय, भाकरी तव्यावर हाय. न्हाय आवडलं तर ताट ठिवून जा, पर त्वांड वाकडं करायचं न्हाय." ट्रक थांबला. मी तेवढंच इंटरनेटवर टाकलं आणि वर लिहिलं, 'चिलापी हाय.' लिहिताना बोट अडखळलं, खरं सांगते. तुम्ही मागं उभे आहात असं वाटलं.

रविवारी गाड्या लावायला जागा नव्हती. लोक उतरून विचारत होते, ती ताट ठिवून जा म्हणणारी मावशी कुठाय? मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं आता टाइप करत नाहीत, फोनला तोंडानं विचारतात: "भिगवणात मासं कुठं चांगलं मिळत्यात?" आणि फोन बिचारा उत्तर देतो. आधी 'मिळतात म्हणा' असं म्हणत नाही. तिथून कामं येत गेली, ट्रॅक्टरच्या गॅरेजपासून उसाच्या रोपवाटिकेपर्यंत, आणि सगळ्यांना 'तसलंच हाय-न्हाय' पाहिजे होतं. बाभळीच्या शेंगा तेवढ्या अजून कुणी आणल्या नाहीत. आणल्या तर विकून दाखवीन.

आणि मागच्या महिन्यात तुमचे चिरंजीव आले. बारामतीत क्लास चालवतात. "ताई, आमची जाहिरात जरा गावरान भाषेत करा. लोकांना जवळचं वाटतं." सर, अशी संधी देव रोज देत नाही. मी कॅमेरा लावला, माझ्याकडं काम करणाऱ्या दोन्ही मुलींना समोर बसवलं आणि म्हटलं, "बोला, आमच्या क्लासात समदं हाय."

"आमच्या क्लासमध्ये सगळं आहे."

"हाय, म्हणा."

मुली हसल्या. तेही हसले. मी वाट बघत राहिले. "हाय," ते म्हणाले. इतक्या वर्षांनी कानाला गोड लागलं, खोटं का बोलू. पण त्यांना त्यात काही लागलंच नाही. सरळ मनानं म्हणाले, "मला नीट येत नाहीये. तुम्ही एकदा म्हणून दाखवा ना."

मी म्हणून दाखवलं. मुली पुन्हा हसल्या, या वेळी माझ्याकडं बघून. एकजण भवानीनगरची आहे, घरी अजून तसंच बोलते. "मॅडम, तुमी नका म्हणू," ती म्हणाली, "तुमचं नाटकातल्यावानी वाटतंय." जाहिरातीत तिचा आवाज घेतला.

हे पत्र मी आधी तात्यांच्या बोलीत लिहायला घेतलं होतं, तुमचा हिशेब त्याच भाषेत चुकता करायचा म्हणून. दोन ओळींत अडकले. पुढचं वाक्य आठवावं लागत होतं, येत नव्हतं. मग हे असं लिहिलं. पाठवायला तुमचा पत्ता नाही ते सोडा. तुम्ही असतात तरी पाठवलं नसतं. तीनदा वाचून काढलं, तरी एखादी वेलांटी चुकली असेल, अशी भीती आहे.