पवनचक्कीच्या दारात आमची पल्लवी

मखमलाबाद, नाशिक
बुधवार

ती. भारतमामांस,

रंगनाथचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची शुगर कशी आहे? इकडे सर्व ठीक असं लिहायची पद्धत आहे, पण इकडे काहीही ठीक नाही. (फोनच केला असता, पण तुमचा फोन मामी उचलतात, आणि हे त्यांच्या कानावर जायला नको.)

झालं असं, की येवल्याच्या कुसाबाई आत्या आल्या आहेत. सिन्नरच्या पुढं पठारावर पवनचक्क्या आहेत हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि त्या बाजरीची पिशवी घेऊन गाडीत बसल्या. चक्की म्हटल्यावर दळण होणारच! मी समजावलं, पण नक्की मलाही माहीत नव्हतं. (आमच्याकडे निम्मे लोक म्हणतात, हे पंखे ढग पळवतात. मी त्या निम्म्यांत होतो.) तिथं पोचून वर पाहिलं तर माझी टोपीच पडली, एवढं उंच. तेवढ्यात खांबाच्या बुडाचं लोखंडी दार उघडलं आणि कमरेला पट्टे, हाताला ग्रीस, डोक्यावर हेल्मेट असा एक कामगार बाहेर आला. त्यानं हेल्मेट काढलं, तर खाली वेणी सुटली. मामा, ती आमची पल्लवी होती! अंबडच्या ऑफिसात एसीत बसते म्हणून जिचा आम्ही रोज डबा भरतो, ती!

"पप्पा, तुम्ही इथं?"

मी बाजरीवरच बसलो. आत्यांना वेगळीच घाई. "पीठ कुठून पडतं गं?"

पल्लवी हसली. म्हणाली, "आजी, पूर्वी परदेशात अशांवर दळायचे, पाणीही ओढायचे. ही वीज करते. वारा पात्यांना ढकलतो, पाती आतला दांडा फिरवतात, दांडा जनरेटर फिरवतो, आणि वीज तारेनं खाली येते."

"मंग आमची गिरणी हिच्यावरच चालत असंल."

"चालत असेलही."

(ढगांना ही चक्की हात लावत नाही म्हणे. उलट वाऱ्याचाच थोडा जोर काढून घेते, आणि वारा फार माजला तर स्वतःच थांबते.)

मी म्हटलं, "उद्यापासून हे बंद."

"नाही पप्पा."

आवाज चढवला नाही तिनं. (चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.) पट्ट्याचे दोन हुक दाखवले: एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही. मग तोच पट्टा मला बांधला. आतल्या शिडीच्या थोड्या पायऱ्या चढलो आणि डोळे मिटले. मग पायाला खालची पायरी सापडेना. तिनंच धरून उतरवलं. खाली आल्यावर तिचा हात सोडवेना. "जपून चढत जा," एवढंच तोंडातून निघालं. ते मी कसं बोललो, देव जाणे.

तुमचा,
रंगनाथ

ता.क. : त्र्यंबकेश्वरच्या एका मुलाकडचे लोक रविवारी पल्लवीला बघायला येणार आहेत. त्यांना मी ऑफिस असंच सांगून बसलोय. स्थळ मामींनीच सुचवलेलं, तेव्हा त्यांना खरं काय ते तुम्हीच हळूच सांगा. माझ्यात धीर नाही.

ता.क. २ : सांगू नका. मामींना पहिल्यापासून माहीत होतं. आमच्या सौ. मनीषालाही (तिनंच आत्ता सांगितलं). मुलालासुद्धा! एकट्या नवरीच्या बापालाच कुणी कळू दिलं नाही. (मी घाबरेन म्हणे.) आता बघण्याचा कार्यक्रम पठारावर ठरलाय, आणि मुलगा तिच्यामागून वर चढणार आहे. मामा, तेवढ्या वेळापुरते खाली माझ्याशेजारी येऊन उभे राहा. मला वर बघवणार नाही, आणि आपल्यापैकी कुणीतरी बघायला हवं.