वेल्डरकाका चर्चला निघाले

अहो,

आधी हे वाचा, बूट काढू नका! आज सकाळी वेल्डरकाका आपल्या दारात उभे. इस्त्रीचा शर्ट, चक्क दाढी केलेली. म्हणाले, "वहिनी, भाऊ आहेत का? आज चर्चला जावं म्हणतो. पण एकट्याने आत शिरायचा धीर होत नाही."

मुलगा गेल्यापासून या माणसाने चर्चची पायरी चढली नव्हती. पाळकसाहेब समजवायला गेले, तर काकांनी शटर खाली ओढलं होतं. तुम्ही मात्र दर शनिवारी त्यांच्या दुकानात जाऊन बसत राहिलात. मी आज विचारलंच, "काका, हे तुमच्याशी बोलायचे तरी काय?"

"काही नाही. मी जोड मारताना गेट धरून उभे राहायचे. निघताना एवढंच म्हणायचे, की आज प्रार्थनेत तुमच्या पोराची आठवण काढली. बाकी सगळ्यांनी त्याचं नाव घेणंच सोडलंय हो."

आणि तुम्ही म्हणता, मला चारचौघांत प्रार्थना करता येत नाही, मंडळीला माझा काय उपयोग!

तुमची ड्यूटी सुटेपर्यंत थांबले असते, पण काकांचा विचार बदलायची भीती वाटली. म्हणून त्यांना घेऊन पुढे निघते. नाश्ता झाकून ठेवलाय, तो चर्चहून आल्यावर खा.

मागच्या बाकावर तुमची जागा धरते. उपासना सुरू झाली असली तरी संकोचू नका, सरळ आत या. काका दाराकडेच बघत बसले असतील.

— मी