अमीरसाहेबांचं निशाण

पौष वद्य तीज, बुधवार. औरंगाबाद.

भाऊ मुंबईला लढाऊ जहाजावर खलाशी आहे, त्याचं पत्र आलं. लिहितो, ॲडमिरल जहाजावर असला की त्याचं निशाण डोलकाठीवर चढतं, तो गेला की उतरतं. शेजारच्या खालाला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "अगं, ॲडमिरल हा शब्द आमच्या अरबीतला. अमीर, म्हणजे हुकूम करणारा. तुझ्या घरी कोण होता?"

"हेच की! हुकूम तेवढा माझा चालायचा."

लई हसलो. मग काय सुचलं कुणास ठाऊक. ह्यांना जाऊन तीन वर्सं झाली, तरी पेटीतलं त्यांचं धोतर काढून धुतलं अन् अंगणात दोरीवर टाकलं.

भिंतीवरून खाला म्हणाली, "कौन आया गे?"

"अमीरसाहेब!"

आता दिवेलागण झाली. धोतर कवाच वाळलंय. उतरवायला हात उठंना.