नऊ नंबरची हजेरी

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

दादाला, तुझ्या बाबांना, जाऊन महिना झाला, तरी रविवारी दहाला रेडिओवर आपल्या हौशी बिनतारी क्लबाची हजेरी घेताना मी त्याचा सात नंबर गाळत नाही. पुकारते, मनात पाच आकडे मोजते, मगच पुढे जाते. हजेरीला माझ्या शेजारी बसणारे क्लबातले आपले घड्याळवाले म्हणतात, नाव वहीतून काढा आता. मी बरी काढू देईन!

तर काल त्या पाच आकड्यांत मोर्सची टकटक आली. नऊ कुठे आहे, एवढंच विचारलं. शेवटचा ठोका लांबवलेला, लेथवर बोट गेल्यापासून तुझे बाबा लांबवायचे तसाच. आपल्यात माणूस हातावरून, ठोके देण्याच्या ढबीवरूनच ओळखतात, तुला का सांगायला हवं? घड्याळवाल्यांनी तर हेडफोन काढून ठेवला. नऊ नंबर तुझा. ही तुझी थट्टा असेल तर कान उपटीन हं.

दोन ओळी टाक, म्हणजे जीव भांड्यात पडेल.

तुझी आत्या

७ मार्च

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

आईशप्पथ, मी नाही. माझा रेडिओ सेट आणि टकटक करायची मोर्सची कळ तीन वर्षं कपाटात बंद आहेत. नोकरीसाठी घर सोडलं तेव्हा बाबांशी कडाक्याचं वाजलं, ते तुझ्यासमोरच. नंतर दर रविवारी ते मला पुकारतात हे ठाऊक असून मी सेट लावला नाही. शेवटच्या रविवारीसुद्धा नाही. ते फार खातंय गं मला.

या रविवारी लावतो. भीती वाटते, पण बाबांना एकदा हजर म्हणायचंय.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकट्या

१० मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

शहाणं माझं बाळ! शब्द पाळलास. आज सात नंबरनं पुन्हा विचारलं आणि लगेच तुझं उत्तर आलं. तीच तुझी घाई, अर्धं अक्षर गिळायची. मी रडलेच. दादानं विचारलं, येतोस का. तू म्हणालास, पुढच्या रविवारी येतो.

घड्याळवाले हळूच म्हणाले, येतो म्हणजे कुठे? मी त्यांना गप्प केलं खरं, पण सेट बंद करून लगेच हे लिहायला बसले. इकडे घरीच येतोयस ना? उलट टपाली कळव, वाट बघायला लावू नकोस.

तुझी आत्या

१३ मार्च

ती. आत्यास कृ. सा. न. वि. वि.

मी सेट लावलाच नव्हता. रविवारी कपाटासमोर बसून राहिलो, हिंमत झाली नाही. कपाट उघडलं ते आज, तुझं पत्र वाचून. कळेवर तीन वर्षांची धूळ जशीच्या तशी आहे. मग माझ्या हाताची नक्कल कुणी केली, आत्या?

बाबांवर माझा जीव आहे, पण मला त्यांच्याकडे जायचं नाही. रविवारी सगळ्यात आधी मला पुकार. मी तोंडानं बोलेन. टकटक आली तर तो मी नाही, खरं मानू नकोस. आणि सात नंबर वहीतून काढ. हे मीच लिहितोय, त्यांचा मुलगा. पाच आकडे मोजू नकोस, थांबूच नकोस तिथे.

तुझा लोभ माझ्यावरच राहू दे, माझ्यासारखा हात असलेल्या दुसऱ्या कुणावर नको.

तुझा धाकट्या