नानांच्या आवाजाच्या तीन प्रती

२९ सप्टें., सोम.
शाहूवाडीहून काकूंचा फोन. त्यांच्या नवऱ्याची, नानांची, स्वरपेटी ऑपरेशन करून काढली त्याला चार महिने झाले. "बाई, त्येंचा आवाज तुमच्याकडं हाय न्हवं? दसरा झाला की ऐकाय येतो. आमच्याकडं कुणाच्या फोनात न्हाय."
आहे, मी म्हणाले. वर फुशारकी, तीन ठिकाणी आहे. लॅपटॉपवर, घरच्या डिस्कवर, जयसिंगपूरला अक्काच्या कपाटात. पुस्तकासाठी सहा वर्षं म्हाताऱ्यांकडून भाताच्या वाणांची माहिती रेकॉर्ड करतेय, त्यात नानांचे अडीच तास. मध्येच काकूंवर ओरडतात, मग स्वतःच हसतात.
कार्डात घालून देते म्हणाले होते मागच्या वर्षी. राहिलं.

३० सप्टें.
अक्का आली, डिस्क घेऊन. मीच मागवली. उद्या खंडेनवमी, नवरोबांच्या, शे.च्या, प्रेसमधल्या मशिनींची पूजा होते, मग माझ्या डिस्कांनी काय घोडं मारलंय? नवरोबा हसले. "चालू ठेव मग, दिवे लागलेले बरे दिसतात." मलाही पटलं.

१ ऑक्टो., बुध.
सगळं गेलं.

२ ऑक्टो., दसरा
सोनं द्यायला कुणाकडे गेले नाही. दार लावून बसलेय.
लिहून ठेवते, नाहीतर मनात नुसतं घोळत राहील. टेबलावर लॅपटॉप, दोन्ही डिस्का जोडलेल्या, तिन्हींच्या आतल्या तबकड्या फिरतायत. तिघांना मिळून झेंडूचा एकच लांब हार घातला. मीच. वेगवेगळे तुकडे केले असते तर? आरती झाली, शे.नं ताट उचललं, ताटाच्या कडेत हार अडकला. सगळं फरशीवर.
लॅपटॉप काळा. डिस्का शे.च्या कॉम्प्युटरला लावल्या तर टक टक टक. तासभर तेच ऐकत बसले. शे. म्हणाला, "बंद कर गं आता." त्याच्यावर ओरडले. त्याचा काय दोष.

४ ऑक्टो., शनि.
राजारामपुरीतल्या दुकानात गेले. दुकानदारानं लॅपटॉपमधलीसकट तिन्ही डिस्का कानाला लावून ऐकल्या, मान हलवली. "म्याडम, आत घासल्यात. उघडल्या तर आणि वाटोळं. पुण्याला लॅबला पाठवाय लागंल. गॅरंटी न्हाय."
तीन प्रती होत्या ना, म्हणाला, "मग एकत्र कशाला ठिवलासा?" पूजेला, म्हटलं. त्याच्याही काउंटरवर हळदकुंकू होतंच.

५ ऑक्टो.
ऑनलाइन प्रत! पहाटे आठवलं, तशीच उठले. शे.च्या फोनवरून उघडलं. जागा दोन वर्षांपूर्वीच भरलेली. त्यानंतरचं काही चढलेलंच नाही. नानांचं रेकॉर्डिंग मागच्या वर्षीचं. जागा संपल्याच्या मेल येत होत्या, मी न वाचता पुसत होते.
रेकॉर्डरमधलं कार्डही पुसलेलं, पुढच्या गावासाठी. कॉलेजात पोरांना मी शिकवते, एक प्रत म्हणजे शून्य प्रत. लाज वाटते. लाज हा शब्दही पुरत नाही.

७ ऑक्टो.
अक्काचा फोन. "माझ्याकडं असती तर ऱ्हायली असती की गं." रागानं नाही म्हणाली, त्यामुळे जास्त लागलं. रडले.
काकूंना फोन लावला. रिंग वाजायच्या आत कापला.

९ ऑक्टो.
पुन्हा लावला. कुणी उचलला नाही, भातकापणीवर असतील. बरं वाटलं, आणि स्वतःचा राग आला.

१२ ऑक्टो., रवि.
न सांगता आले. दोघंही. सोबत नव्या तांदळाची पिशवी. नाना खूप वाळलेत, गळ्याला रुमाल. बंद लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.
सांगितलं. सगळं, हारासकट. काकूंनी मध्ये एकदाच विचारलं, "तिन्ही?"
तिन्ही.
मला काय सुचलं देव जाणे. म्हणाले, मला पाठ आहे, दहा वेळा ऐकलंय. नाना काय म्हणाले ते सांगायला लागले. ओढ्याकडचं वावर, काळ्या कुसळाचं भात, मग काकूंवर ओरडले ते. नाना ओठ हलवत होते, माझ्याबरोबर. आवाज नाही.
काकूंनी माझा हात धरला. "बाई, ऱ्हाऊ द्या. तुमच्या तोंडनं नगं."
चहा न घेता गेले. पिशवी इथेच आहे, परत न्या म्हणायचं धाडस झालं नाही. डिस्का उद्या कुरिअरनं पुण्याला जातील. कधी कळेल, काय कळेल, दुकानदार सांगत नाही.