मध्ये उभं राहायला माणूस मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी साहेब,
कर्मचारी विभाग, रुग्णालय,
पहिला मजला, लिफ्टच्या समोर.

विषय : इंग्रजीच्या बाईंचा राजीनामा मंजूर न करणेबाबत.
संदर्भ : सदर राजीनामा, जो आपल्या टेबलावर सहीसाठी पडलेला आहे.

महोदय,

सही करायच्या आधी पेन जरा खाली ठेवा साहेब. अर्जदार एक हकिकत सांगतो, लांबण लावत नाही. अर्जदार धुलाई खात्याचा मुकादम आहे. चादरी आणि उशांचे अभ्रे यापलीकडे लिहायची सवय नाही, तेव्हा कमीजास्त झालं तर पोटात घालावं.

१. आपल्याच हुकमाने खालच्या मजल्यावरच्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू झाला. दुपारी शिफ्ट बदलली की आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, ड्रायव्हर, सगळे चादरींच्या खोलीमागे बाकांवर बसतात. बाई दोन वाक्यं जोडणारे शब्द शिकवायला लागल्या. अँड, बट, ऑर, सो. फळ्यावरून कुणाच्या डोक्यात शिरेना. स्वयंपाकी तर मिठासारखा सगळीकडे अँडच टाकायचा.

तेव्हा बाईंनी युक्ती काढली. बाकावर शेजारी बसणारी दोन माणसं पुढे बोलवायची. प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य सांगायचं, पण खरं. तिसऱ्याने मध्ये उभं राहून दोघांचे हात धरायचे आणि जोडणारा शब्द मोठ्याने म्हणायचा. बसला तर टाळी. एकदा स्वयंपाकी म्हणाला, आय ॲम फॅट. आया म्हणाली, आय ॲम टायर्ड. मधला वॉर्डबॉय ओरडला, सो! आया म्हणाली, "मेल्या, मी काय याला खांद्यावर घेऊन फिरते का?" खोली हसून लोळली, पण सो कुठे घालायचा ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं ते कळलंच.

२. आता वाईट दिवस. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर आणि धुलाईतली इस्त्रीवाली हे सख्खे भाऊबहीण. आई गेल्यापासून दोघांत अबोला. खालच्या मजल्यावर हे भिंतींनासुद्धा माहीत, बाईंना मात्र नव्हतं. त्या दिवशी बाकावर दोघं शेजारी आले आणि बाईंनी दोघांना उभं केलं. मध्ये अर्जदार.

ड्रायव्हर म्हणाला, आय वॉज ड्रायव्हिंग. गाडी चालवत होतो. बहीण त्याच्याकडे न बघता म्हणाली, मदर वॉज कॉलिंग. आई हाक मारत होती.

साहेब, ती माउली याच इमारतीत, वरच्या वॉर्डात गेली. मुलाचं नाव घेत गेली. मुलगा त्या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी आईला गाडीत घालून सायरन वाजवत आणत होता. ती दुसरी आई वाचली.

बाकांवरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाईंना वाटलं, शब्द आठवत नाहीये म्हणून घातल्या. दोन्ही वाक्यं बिनचूक आली म्हणून त्या खूश. "वा! बोला मुकादम, कुठला शब्द? अँड? बट? सो?" सो म्हटल्याबरोबर अर्जदाराच्या हातातला ड्रायव्हरचा हात ओल्या चादरीसारखा गार पडला. तो हात सोडवून निघून गेला.

३. आयेने बाईंना खरं काय ते सांगितलं. बाई मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावरच बसल्या. मग उठून गाड्यांच्या शेडमध्ये गेल्या. ड्रायव्हर काच पुसत होता. "दादा, चुकलं माझं." तो म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका बाई." पण मान वळवून म्हणाला नाही, म्हणून बाईंनी लावून घेतलं. त्याच दिवशी राजीनामा दिला.

अर्जदार त्यांच्या घरी जाऊन आला. सासूबाई दारातच म्हणाल्या, "धड जेवत नाही हो ती. भांडं घासता घासता थांबते न् नळ तसाच वाहतो. काय केलंत तुम्ही लोकांनी?" बाई आतून आल्या. म्हणाल्या, "मला शब्द जोडता येतात मुकादम, समोरचं माणूस दिसत नाही. कुणाच्या जखमेवर खडूने लिहिलं मी. परत त्या फळ्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?"

४. सबब चौकशी व्हावी, पण नीट व्हावी. स्वयंपाकी म्हणतो दोष त्याचा, कारण पंख्याखाली बसायला मिळावं म्हणून त्याने जागा बदलली, त्यामुळेच भाऊबहीण शेजारी आले. आया म्हणते तिचा, कारण ती आधीच हसायच्या तयारीत होती, बाईंना अडवायचं तिला सुचलं नाही. अर्जदाराला सगळं ठाऊक होतं, तरी तो हात धरून ठोंब्यासारखा उभा राहिला. दोषावरून खाली रोज भांडणं होतात, कुणी आपला वाटा सोडायला तयार नाही. बाईंच्या वाट्याला काही उरतच नाही. तरी राजीनामा घ्यायचाच असेल तर सगळ्यांचेच घ्यावे लागतील, आणि मग वर जेवण, चादर, गाडी काही येणार नाही. ही धमकी नाही साहेब, खालच्या लोकांची लाज आहे. सह्या सोबत जोडल्या आहेत.

५. आणि हे आपल्याला ठाऊक नसेल. बाई नसल्या तरी वर्ग भरतो. सगळे नुसते बसून राहतात. काल ड्रायव्हर आला. बहिणीने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तो बसला. मग तो आपणहून पुढे गेला आणि तेच वाक्य म्हणाला. बहीण उठली, तिने तिचं म्हटलं. दोघांनी मधल्या रिकाम्या जागेकडे हात केले.

मध्ये जायची कुणाची छाती झाली नाही. अर्जदाराचीसुद्धा नाही. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाईंना आणा. शब्द कुठला ते नंतर बघू, आधी मध्ये कुणीतरी पाहिजे." बहीण म्हणाली, "हो." त्याच्या बोलण्यावर तिने हो म्हटलेलं खालच्या मजल्याने किती दिवसांनी ऐकलं.

तरी विनंती की राजीनामा परत करावा आणि बाईंना वर्गावर हजर होण्याचा लेखी हुकूम द्यावा. अर्जदाराचं त्या ऐकत नाहीत, आपला हुकूम मोडणार नाहीत. त्या येईपर्यंत दोघांचे हात असे अधांतरी ठेवणं बरं नाही. तेव्हा साहेब, उद्या दुपारी एकदा जिना उतरून खाली या आणि मध्ये उभे राहा. शब्द नाही सुचला तरी चालेल, नुसते हात धरा.

आपल्या खालच्या मजल्यावरचा,
(सही)
मुकादम, धुलाई खातं
दिनांक : आजचाच, शिफ्ट सुटताना