क्रियापद शेवटी

२ मार्च, सोमवार
दुरुस्ती. शनिवारी लिहिलं की फिल्मोन वर्गात मला हसला. खोटं. त्याने फक्त पुस्तक उघडून पान ४१ दाखवलं. तो एरिट्रियाचा, चौदा महिने डच शिकतोय. मी चोवीस वर्षं बोलतेय. मी म्हणाले होते, "मी माझ्या आयखनला लाजते." आयखन म्हणजे स्वतः. आमच्या मालबोटीवर सगळे असंच बोलतात. शाळा बोटीवरच झाली, आईकडे. पुस्तकात नुसतं 'मला' आहे.
ग्रंथालयातल्या या वर्गाला मदतनीस हवाय. वर्ग घेणाऱ्या रोझेमोंडबाई म्हणाल्या, "नेल्ट्ये, तू दे गं अर्ज. एक पान. शुक्रवार तेरा, पाचच्या आत."
उद्याच देणार.

३ मार्च
पहिलं वाक्य झालं: "मी माझ्या आयखनची नोंदणी करते." खोडलं.

५ मार्च
वाटाण्याच्या सूपवर विषय काढला. आई म्हणाली, "चार पिढ्या असंच बोललो. कुणी बुडालं नाही." क्राइन म्हणाला, "बाईसाहेब, नोंदणी तुझी ना? मग आयखन काय माझं घालणार?" भाऊ आहे, बोलणारच. आईने मला दुसऱ्यांदा सूप विचारलं नाही.

९ मार्च
आयखन गेलं. आता शब्दक्रम. 'कारण' आलं की क्रियापद शेवटी. मला हे काम का हवं याची कारणं अकरा. प्रामाणिकपणे सगळी द्यायला हवीत. एकात एक बसवली. पान संपलं, क्रियापद यायचंय. प्रगती उत्तम.

१२ मार्च
हेरिंगच्या गाडीपाशी रोझेमोंडबाई. तोंडात मासा, तरी म्हणाल्या, "अगं, 'मला काम हवंय' एवढं लिही. पुरे." मोघम होईल, असं मी सांगितलं. "उद्या पाच, नेल्ट्ये," म्हणाल्या.

१३ मार्च, संध्याकाळी ५.४०
अर्ज निर्दोष. अकरा क्रियापदं शेवटी, ओळीने. ग्रंथालयाचं दार बंद.
पायरीवर फिल्मोन. काम त्याला मिळालं. अर्ज एका ओळीचा, प्रत माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, चूक आहे का बघ ना." होती. "मी माझ्या आयखनची नोंदणी करतो." मी म्हटलं, पान ४१! तो म्हणाला, "ते माहीत आहे गं. पण तू म्हणतेस ते जास्त इथलं वाटतं. बाईही खूश झाल्या."
मी त्याचं अभिनंदन केलं. अभिनंदनाची वाक्यरचना बरोबर होती.
निराश व्हायचं कारण नाही. बाईंना भेटून चूक दाखवायची आणि माझा अर्ज द्यायचा. सोमवारी ग्रंथालय बंद असतं, म्हणजे गर्दी नसेल. ठरलं: सोमवार, १६ मार्च, सकाळी नऊ.